बापाचं मत

पद्माकरने वर टाय लावला होता आणि खाली घरातली अर्धी चड्डी. शेजारी त्याचा मुलगा तनय इस्त्रीच्या शर्टात पाठ ताठ करून बसला होता. लॅपटॉपवर अमेरिकेतल्या एका नामांकित युनिव्हर्सिटीचा अमेरिकन फुटबॉलचा कोच हसत होता. एरवी तो स्वतः मेलबर्नला येऊन मुलं पाहून जायचा. यंदा कोविडमुळे सीमा बंद, त्यामुळे जे काय ठरायचं ते या कॉलवरच.

तनयच्या किकचे व्हिडिओ कोचला भलतेच आवडले होते. बॉल हातातून सोडायचा आणि लाथेने आभाळात धाडायचा, एवढंच काम. पण अमेरिकन टीमला त्यासाठी खास माणूस लागतो आणि फुटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, खेळून वाढलेली इथली पोरं त्यात तरबेज. लॉकडाउनमध्ये व्यायामासाठी जो वेळ मिळायचा, त्यात क्लेटनच्या मैदानावर ते व्हिडिओ पद्माकरनेच काढले होते.

"किकबद्दल किंवा मार्कांबद्दल मला शंका नाही," कोच म्हणाला. "पण आमच्याकडे अभ्यास भयंकर असतो. त्यात मागे पडला की टीममधूनही बाहेर. माझ्याकडे जागा एक आहे आणि मुलं दोन. मिस्टर दातार, बाप म्हणून तुम्हीच सांगा, कसा आहे तुमचा मुलगा?"

तनयने बाबाकडे पाहिलं.

पद्माकर खुशीत आला. सांगण्यासारखं किती होतं! पोरगा पहाटे आपणहून उठून गणितं सोडवायचा. वर्गात पहिला होता. त्याची आई मंजिरी कोविड वॉर्डात ड्युटीवर असली की तिच्यासाठी वरणभात करून ठेवायचा. पद्माकरला त्याचा इतका अभिमान होता, की तो झोपलेला असताना दारात उभा राहून नुसता बघत राहायचा. पण 'आपला तो बाब्या' म्हणणाऱ्यांतला तो नव्हता. मुलाची स्तुती मुलासमोर करू नये, हे त्याच्या वडिलांनी जन्मभर पाळलं, त्यानेही पाळलं. कौतुक करायचं ते दुसऱ्यांनी. आपण नको नको म्हणायचं.

"ठीक आहे सर. ॲव्हरेज," तो हात झटकत म्हणाला. "जरा आळशी आहे. सारखं मागे लागावं लागतं."

आता समोरचा 'काहीतरीच काय, केवढा गुणी मुलगा आहे!' म्हणेल, म्हणून तो हसऱ्या चेहऱ्याने थांबला.

कोचचं हसू मावळलं. त्याने तनयकडे पाहिलं. तनयने मान खाली घातली. बापाला खोटं कसं पाडणार?

"इतकं मोकळेपणाने कुणी पालक सांगत नाही. आभारी आहे," कोच म्हणाला. "पण इथे त्याच्या मागे लागायला कुणी नसेल. बॉर्डर कधी उघडेल ठाऊक नाही, तुम्हालाही येता येणार नाही. मला दुसऱ्या मुलालाच घ्यावं लागेल. सॉरी, सन. ऑल द बेस्ट."

कॉल संपला. पद्माकर क्षणभर तसाच हसत बसला होता. मग त्याचा चेहरा पडला.

"अरे, असं कसं? परत लाव त्याला. मी समजावून सांगतो."

"बाबा, कोच आस्क्ड यू. तू सांगितलंस ना."

"अरे, ती बोलायची पद्धत असते! आपल्याच पोराचे गोडवे कुणी आपल्या तोंडाने गातं का?" पद्माकरने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "तुझ्यासारखा मुलगा अख्ख्या मेलबर्नमध्ये नाही. मला काय माहीत नाही?"

तनय शर्टाची बटणं काढत होता. त्याचा हात थांबला.

"मला नव्हतं माहीत," तो म्हणाला.