मदतीचा पत्ता

"आकडा सांग," ताई म्हणाली.

भाऊनं मोबाइल छातीशी धरला आणि खिडकीबाहेर बघत बसला. जणू बाहेर फार काही चाललं होतं. बाहेर भिंत होती.

कारखान्याची वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंच्या ऑफिसात तीन खुर्च्या. एकीवर ताई, एकीवर भाऊ, आणि मधली रिकामी. सख्खी भावंडं, पण दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा लागायचीच. ताईच्या नजरेनं त्या दिवशी बाईंच्या टेबलावरचं दूधसुद्धा नासलं असतं. बरं झालं, बाई काळा चहा प्यायच्या.

दोघं कवळ्या बनवायची. दातांचे डॉक्टर तोंडाचे ठसे पाठवायचे, इथून खोटे दात तयार होऊन जायचे. कारखाना वडिलांनी ताईच्या नावावर करून दिलेला. इंटरनेटवरचं नाव, ते डोमेन का काय म्हणतात ते, तेवढं भाऊनं नोंदवलेलं. आज ते ताईच्या नावावर व्हायचं होतं. त्यासाठी भाऊच्या मोबाइलवर सहा आकडे आले होते. ते सांगितल्याशिवाय नाव हलणार नव्हतं.

ताईचा हात साधासुधा नव्हता. तिची कवळी घातलेल्या एका म्हाताऱ्यानं म्हणे चोराच्या सायकलचं टायर दातांत धरून चोर थांबवला होता, आणि घरी येऊन त्याच दातांनी अक्रोड फोडले होते. ही गोष्ट ताई स्वतःच सांगायची. दर वेळी सायकल मोठी होत जायची. हल्ली ती ट्रकवर आली होती.

"मुका झालास का?"

"नाव घे," भाऊ म्हणाला. "साइट घे, पासवर्ड घे. तेवढा मदतीचा पत्ता माझ्याकडे राहू दे."

आलं का मुद्द्यावर! भांडण सगळं त्या पत्त्याचंच होतं. साइटवर मेल पाठवायला तीन पत्ते दिलेले: एक ऑर्डरींचा, एक बिलांचा, एक मदतीचा. पहिले दोन सरळ ताईकडे यायचे. मदतीच्या पत्त्यावर आपल्याला कुणी काही लिहितच नाही, असं ताई समजून चालली होती. गेल्या आठवड्यात नावाची मुदत वाढवायला ती इथे आली, आणि सेटिंगांत बाईंनी दाखवलं: त्या पत्त्यावरचं सगळं टपाल तीन वर्षं भाऊच्या खासगी मेलवर वळवलेलं. तीन वर्षं! म्हणजे गिऱ्हाइकं परस्पर कोण पळवत होतं ते कळलंच की. ताईनं घरी येऊन एवढंच सांगितलं होतं: नाव माझ्याकडे दे, नाहीतर तुझं टेबल रस्त्यावर टाकते.

"का राहू दे?" ताईनं विचारलं. "काय पुरलंयस त्यात?"

"तुला नाही झेपायचं ते."

"मला?" ताई खुर्चीत अशी वळली की खुर्ची किंचाळली. "मेण कोरायची सुरी कशी धरायची ते कुणी शिकवलं रे तुला? सुळा कुठला आणि दाढ कुठली, एवढं कळत नव्हतं! म्हणून तर तुला घासकामाला बसवलंय अजून."

"शिकवलंस. आणि रोज ऐकवतेसही. जेवायला बसलो तरी तोंडी लावायला तेच असतं."

"चोराला जेवायला मिळतंय हेच पुष्कळ."

"भांडण बाहेर जाऊन करा," साइटवाल्या बाई म्हणाल्या. "या आकड्यांची मुदत दहा मिनिटं असते. त्यातली सहा तुम्ही खाल्लीत."

भाऊनं आकडे सांगितले. एकेक, दात उपटून दिल्यासारखे. बाईंनी ते भरले. पडद्यावर एक चक्र फिरलं, थांबलं, आणि मालकाच्या रकान्यात ताईचं नाव आलं.

"आता कुलूप घाला," ताई म्हणाली. "माझ्या परवानगीशिवाय ते कुणाला हलवता येता कामा नये."

"घातलं."

"त्याचा पासवर्ड?"

"बंद केला."

"मदतीच्या पत्त्याचं वळण काढा. सगळं माझ्या मेलच्या पेटीत."

बाईंचा हात माउसवर थांबला. त्यांनी भाऊकडे बघितलं.

"ताई," भाऊ म्हणाला. तीन वर्षांत त्यानं तिला 'ताई' म्हटलं नव्हतं. 'ऐकलं का' वर भागवत होता. "हात जोडतो. टेबल टाक रस्त्यावर. मी जातो पाहिजे तर. पण हे नको."

ताईला ऐकून आतून गारेगार वाटलं. असा हात जोडणारा भाऊ बघायला ती पायी चालत आली असती, चार गावं ओलांडून.

"काढा," ती म्हणाली.

बाईंनी वळण काढलं. भाऊ उठला, पण दारापाशी जाऊन तिथेच उभा राहिला.

बाईंनी आणखी दोन-चार गोष्टी समजावल्या, त्या ताईनं ऐकल्या नाहीत. ती पेटीकडे डोळे लावून बसली होती. पंधरा मिनिटंही झाली नसतील, मेल वाजला.

"मदतीच्या पत्त्यावर आलाय," बाई म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंचा."

"बघा! माझी सगळ्यात जुनी डॉक्टरीण! तीसुद्धा फोडलीस?" ताई भाऊकडे वळली. "वाचा बाई. मोठ्यानं वाचा, याच्या तोंडावर."

बाईंचे डोळे पडद्यावरून झरझर खाली गेले.

"घरी जाऊन तुम्हीच वाचा ना," त्या म्हणाल्या.

"वाचा म्हणते ना मी!"

बाईंनी वाचलं:

"भाऊ, ताईंनी केलेल्या आणखी चार कवळ्या पेशंटनी परत आणल्यात, नेहमीसारख्या तुमच्याकडे पाठवते, पुन्हा करून द्या. ताईंचा हात आता पूर्वीचा राहिला नाही हे त्यांना कळू द्यायचं नाही, ही तुमची अट मी तीन वर्षं पाळली. पण भाऊ, आणखी किती दिवस झाकणार?"