सुकेळी

आईच्या तेराव्याच्या पानावर उन्नतीने सुकेळी ठेवली. वाळवलेली ही वसईची केळी आईला फार आवडायची, म्हणून उन्नती दर रविवारी चंदनसारला माहेरी येताना घेऊनच यायची. बाबांनी ती हळूच उचलली. “नको गं. दातात अडकून ठणका लागायचा तिला.” “पण दात भरून घेतला होता ना?” “त्या सिमेंटखालीच परत किडला होता. तुला बोलली होती की.” बोलली होती. मोबाइलवरून नजर न उचलता उन्नतीने उत्तर दिलं होतं, “भरलेला दात दुखतो कुठे? नाटकं तुझी.” “मग मी आणलेली सुकेळी?” तिने बाबांना विचारलं. “शेजारी वाटून टाकायची. तुला मात्र सांगायची, छान होती, पुढच्या रविवारी आण. त्या निमित्ताने तू यायचीस.” उन्नतीने दूधभात बोटांनी मऊ कालवला, फार गार नाही ना ते पाहिलं, मगच पानावर वाढला.