रेझिस्टन्सची पेटी

"विद्याधरा, गिटार स्वल्प हळू वाजव रे!" घरमालकीण सावित्रीबाई जिना चढून रोज सांगायला यायच्या. दाराशी घटकाभर टेकायच्या, धाप ओसरली की उतरायच्या. विद्याधर पार वरमून जायचा.

शेवटी त्यानं इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर काढलाच. पण व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्पीकरचा भार नसला तर तो जळतो. म्हणून स्पीकरच्या जागी रेझिस्टन्सची पेटी जोडली आणि तो हेडफोन लावून वाजवू लागला. तर आवाज फाटायला लागला! व्हॉल्व्ह बदलून पाहिले, सांध्यांना पुन्हा डाख दिला, आवाज फाटतोच. फॅक्टरीतून आला की तो पेटीपुढे बसायचा. बंगळूरच्या राजाजीनगरात त्याला दुसरं होतं तरी कोण! अखेर उमगलं, हेडफोनला जोर जास्त जात होता. मध्ये आणखी एक रेझिस्टन्स घातला आणि स्वर लख्ख आला.

हेडफोन उतरवला, तर दारात सावित्रीबाई. "बरा आहेस ना रे? गिटार ऐकू येत नाही."

"आता कधीच येणार नाही, अक्का! तुमचा त्रास संपला." त्यानं मोठ्या दिमाखात पेटी दाखवली.

सावित्रीबाई दाराशी टेकल्या.

"अय्यो," त्या म्हणाल्या, "मग मी वर कशाला येऊ?"