तळाचा काळा ठिपका

तलावाच्या तळाशी रंगवलेला काळा ठिपका काठावरून दिसला नाही, तर कोणालाही पाण्यात सोडायचं नाही, असा नियम होता. त्या दिवशी पाणी गढूळ होतं, म्हणून पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांनी मुलांना काठावरच अडवलं.

"ठिपका काय पळून जातोय का? सोडा हो पोरांना!" तलावाचे व्यवस्थापक हसले. काळी टोपी घातलेली त्यांची नात तर तेवढ्यात उडी मारून मोकळीसुद्धा झाली. मास्तरांनी मुकाट्याने शिट्टी वाजवून बाकीच्या मुलांनाही पाण्यात सोडलं.

तास संपला, मुलं पांगली आणि पाणी हळूहळू निवळलं.

"छकुले, कपडे बदलायला किती वेळ गं?" व्यवस्थापकांनी खोलीकडे बघून हाक मारली. "आणि काय मास्तर, दिसला का तुमचा ठिपका?"



मास्तरांना तळाशी दोन ठिपके दिसत होते.