मापाचं दार

आईला विचारायची रीतच नव्हती लेकाला. घरामागच्या अंगणात लाकडं येऊन पडली, तेव्हा कुठे त्यानं तोंड उघडलं. "आई, तुझ्यासाठी वेगळी खोली बांधतोय. तुला शांतता नको का?"

शांतता तिनं कधी मागितली होती? नवऱ्याबरोबर डोक्यावर विटा वाहून हे घर उभं केलं, तेव्हाही तिची जीभ एक दिवस थांबली नव्हती. आणि कालच सून तिच्या खोलीत शिरून खिडकीला टेप लावून माप घेऊन गेली. नव्या पडद्यांसाठी! म्हातारी अजून खाटेवर बसलेली आणि यांची पडद्यांची मापं चाललीत.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची उचलून ती थेट बांधकामावर येऊन बसली.

"बघ, आवडायला लागलं तिला," लेक बायकोला म्हणाला. आई गप्प बसली म्हणून ज्याला हायसं वाटतं, त्यानं आईला कधी ओळखलंच नाही.

जमिनीवर ठोकून तयार केलेला भिंतीचा लाकडी सांगाडा सुतारासह चौघांनी उचलून उभा केला. लेक ऐटीत दारातून आत निघाला आणि वरच्या आडव्या लाकडावर फाडकन कपाळ आपटलं.

"भिंत खाली घ्या," ती म्हणाली. "दार उंच पाहिजे."

"अगं, तुझ्याच मापाचं आहे ते," लेक कपाळ चोळत म्हणाला. "तू केवढीशी!"

"कर म्हटलं ना."

सुतारानं कुरकुरत आडवं लाकूड उखडलं आणि वर नेऊन ठोकलं. चारी भिंती उभ्या राहिल्या. मग छपराच्या त्रिकोणी कैच्या एकेक करून वर चढल्या आणि वाऱ्यावर डुलायला लागल्या. ती काठी आपटत उठली.

"पत्त्यांचा बंगला बांधताय का रे? तिरप्या पट्ट्या मारायला तुमचे आजोबा येणार?"

"मारतो, मावशी. पण एकट्या माणसाला एवढी मजबुती कशाला?"

"एकट्या माणसाच्या डोक्यावर छप्पर पडलं तर हळू लागतं का?"

सुतार हसला आणि पट्ट्या मारायला लागला. शेवटची कैची घट्ट बसली. लेक शिडीवरून उतरला. कपाळावर टेंगूळ, तोंडावर लढाई जिंकल्याचं हसू.

"घे आई, इथे तुझंच राज्य. कधी येतेस राहायला?"

ती नव्या दारात उभी राहिली. काठी डोक्यावर हातभर उंचावून पाहिली. वरच्या लाकडाला टेकली नाही.

"माझं राज्य माझ्या घरात आहे. इथे तू राहायचंस, बायकोला घेऊन. पडदेही इथेच लावा. उद्या सामान हलव. दार तुझ्या मापाचं करून घेतलंय मी."