काटा मारुतीकडे

एकटीने उडण्याच्या परीक्षेत शाल्मली ग्लायडरसकट कांद्याच्या शेतात उतरली. म्हणजे, उतरली नाहीच. तसं क्लबमध्ये सर्वानुमते ठरलंय.

झालं असं की, वर धुरकं दाटलं, धावपट्टी दिसेना आणि होकायंत्र हलेना. ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली. काटा आपला समोरच्या मारुतीकडे टक लावून. तळाला लोहचुंबक असलेली ती मूर्ती प्रशिक्षक टिपणीस सरांनी सकाळीच नारळ फोडून होकायंत्राशेजारी बसवली होती, पोरगी सुखरूप परतावी म्हणून. ती उपटायला शाल्मलीचा हात दोनदा पुढे गेला. पण इंजिन नसलेल्या विमानात बसून देवाशी वैर कोण घेणार? हात मागे आला. कांदे जवळ आले.

"इंजिन बंद पडलं व्हय?" शेताच्या मालकीणबाईंनी विचारलं.

"याला इंजिन नसतंच, मावशी."

"मग निघालीसच कशाला, पोरी?"

टिपणीस सर धापा टाकत पोचले. "लागलं नाही ना? बघ, पावला! आता त्याला हलवायचं नाही."

"आणि माझी परीक्षा?"

"उद्या. आजचं उड्डाण झालंच नाही."

"याच ग्लायडरमध्ये?"

"दुसरा आहे कुठे?"

शाल्मलीने तिथेच बांधावर बसून अर्ज खरडला: 'महोदय, मूर्ती हलवणे शक्य नसल्याने पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव उद्या सकाळपर्यंत सदर मारुतीच्या पाठीमागे आणून ठेवावा, व ग्लायडर वळेल तसतसा तो वळवत राहावे, ही नम्र विनंती.'