गवती चहाचं तेल

रिक्षा दारात येऊन उभी राहिली, तरी भागीबाईंचं काही आटपत नव्हतं. रुमालावर गवती चहाच्या तेलाचे थेंब टाकून त्यांनी तो नवऱ्याच्या नाकाशी धरला.

"वढा दमानं."

कोंडाजींनी डोळे मिटून वास घेतला. दारात उभ्या मुलाचं, गोरक्षचं, डोकं तडकलं.

तात्यांना, म्हणजे कोंडाजींना, आतड्याचा कॅन्सर. आज केमोची शेवटची सलाईन. ती चुकवू नका, नाहीतर आधीचं सगळं पाण्यात जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सुरुवातीला तात्या अडूनच बसले होते. सुया नको, दवाखाना नको! मग एका रविवारी गोरक्षनं त्यांना समोर बसवून असं काही सुनावलं, की दुसऱ्या दिवशी स्वारी आपणहून कपडे करून तयार. त्या भाषणाची फुशारकी पठ्ठ्या अजून कंपनीत मारत होता.

तेल आईनं हरसूलच्या बाजारातून आणलेलं. वासानं मळमळ कमी होत असेल तर घेऊ द्या, असं डॉक्टरही म्हणाले होते. पण काल पंचवटीच्या भाजीबाजारात तात्या एकाला सांगत होते, "मला गुण आला तो त्या तेलाचा."

मागे उभ्या गोरक्षनं ते ऐकलं. तेलाच्या भरवशावर हा माणूस ऐनवेळी सलाईन सोडायचा!

तात्या चपला घालायला बाहेर ओट्यावर गेले. गोरक्षनं बाटली उचलली आणि सरळ मोरीत ओतली.

"आरं मुडद्या, काय केलंस ह्ये!" भागीबाईंनी त्याचा हात धरला, पण उशीर झाला होता.

"बरंच केलं. औषध सलाईनमध्ये असतं, आई. तात्यांना एकदा कळू तर दे."

"तुला कोण सांगंल रं," म्हणत भागीबाई मोरीत वाकून पाहू लागल्या.

वास घरभर पसरला. तात्या आत आले. त्यांनी मोरीकडे पाहिलं, गोरक्षच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. रागावले नाहीत. शांतपणे चपला काढून खाटेवर टेकले.

"तात्या, चला ना. रिक्षा थांबलीय."

"आता कशापायी?" कोंडाजी म्हणाले. "तेल लागू पडायचं तर सलाईनचं पथ्य पाळावं लागतंय, आसं तुझ्या आईनं सांगितलं, म्हणून जात व्हतो. औषधच नाय राह्यलं, तर नुसतं पथ्य पाळून काय करू?"